गाडीचा नंबर खरा, माणूस खोटा

वाचकाचे पत्र

आमचे सोलापुरात हैदराबाद रस्त्यावर ट्रान्सपोर्टचे ऑफिस आहे. स्वतःच्या नऊ गाड्या आहेत आणि बाकीचे काम बाजारातून भाड्याने घेतलेल्या गाड्यांवर चालते. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतून टॉवेल आणि चादरी भिवंडी, चेन्नई व न्हावा शेव्याला जातात. हंगामात मार्केट यार्डातला कांदा हैदराबाद आणि बेंगळुरूकडे जातो. धंदा वडील पाहतात. मी बी.कॉम. झाल्यापासून हिशेब आणि ई-वे बिले (मालासोबत लागणारी जीएसटीची ऑनलाइन कागदपत्रे) सांभाळते.

गेल्या काही महिन्यांत आम्हाला दोन फटके बसले. पहिल्यांदा दलालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून भिवंडीसाठी एक गाडी ठरवली. आरसी, विमा, चालकाचे लायसन्स असे सगळे फोटो आले. मी सरकारी संकेतस्थळावर नंबर तपासला, तो बरोबर निघाला. "पुण्याहून रिकामा येतोय, टेंभुर्णीत आहे, डिझेलला पैसे टाका," असे म्हटल्यावर पंचवीस हजार पाठवले. गाडी आलीच नाही. त्या नंबरचा खरा मालक इंदूरचा निघाला आणि त्याला यातले काहीच माहीत नव्हते. दुसऱ्यांदा आमच्या एका जुन्या पार्टीला आमच्या नावाने ईमेल गेला की आमचे बँक खाते बदलले आहे. त्यांनी तीन बिलांचे पैसे त्या नव्या खात्यात भरले. आता ते म्हणतात आम्ही पैसे दिले, आणि वडील म्हणतात आम्हाला मिळाले नाहीत.

धाकट्या भावाने पुण्याच्या एका कंपनीकडून एआयवर चालणाऱ्या यंत्रणेचे दरपत्रक आणले आहे. गाडीमागे दरमहा आकार, वर्षाचा करार, शिवाय केबिनमध्ये कॅमेरा. वडील म्हणतात, "माणूस ओळखून आजवर धंदा केला, मशीन काय ओळखणार?" चालक कॅमेऱ्याला तयार नाहीत. आम्ही ही यंत्रणा घ्यावी का?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. वर्षभराच्या करारावर आज सही करू नका, पण त्या कंपनीला नकारही कळवू नका. तुम्हाला बसलेल्या दोन फटक्यांपैकी पहिला एखाद्या चांगल्या यंत्रणेने बहुधा पकडला असता. दुसरा तिने पकडला नसता, कारण त्या प्रकरणात पैसे तुमच्या नव्हे तर पार्टीच्या खात्यातून गेले, आणि तुमच्या ऑफिसात बसवलेली कोणतीही यंत्रणा त्या वेळी तिथे हजर नव्हती. विक्रीसाठी आलेला माणूस हा फरक आपणहून सांगणार नाही, म्हणून तो तुम्हीच नीट समजून घेतला पाहिजे.

पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू. तुम्ही संकेतस्थळावर नंबर तपासला हे योग्यच केले, पण त्या तपासणीतून एवढेच सिद्ध झाले की अशी गाडी अस्तित्वात आहे आणि तिचे कागद चालू आहेत. फोनवर बोलणाऱ्या माणसाचा त्या गाडीशी काही संबंध आहे की नाही, हे त्यातून कळण्याचा प्रश्नच नव्हता. भामटे मुद्दाम कागद चोख असलेल्या, खऱ्या गाडीचाच नंबर उचलतात; आणि आरसीचे फोटो मिळवणे त्यांना अवघड जात नाही, कारण भाडे मिळवण्यासाठी प्रत्येक गाडीमालक दर फेरीला ते कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर टाकतच असतो.

आता यंत्र इथे काय करू शकले असते ते पाहा. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून चालत्या मालगाडीचा माग नाक्यानाक्यावर आपोआप उमटत जातो. पुण्याहून टेंभुर्णीला पोचलेली गाडी पाटस आणि सरडेवाडी हे दोन नाके ओलांडूनच आलेली असणार. त्या दिवशी त्या नंबराची शेवटची नोंद मध्य प्रदेशातल्या एखाद्या नाक्यावर झालेली असती, किंवा दोन दिवसांत कुठेच झालेली नसती, तर तेवढ्यावरच डिझेलचे पैसे थांबले असते. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर युलिप नावाचा मंच सुरू केला असून, त्यावर नोंदणी केलेल्या कंपन्यांना 'वाहन' (गाड्यांची सरकारी नोंदवही), 'सारथी' (लायसन्सची नोंदवही) आणि फास्टॅग यांच्या नोंदी एकाच ठिकाणाहून तपासता येतात. तेव्हा पुण्याच्या कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारा की तिची यंत्रणा युलिपशी जोडलेली आहे का, आणि भाड्याने घेतलेल्या परक्या गाडीचा शेवटचा टोलनाका ऍडव्हान्स सोडण्याआधी तुमच्या पडद्यावर दिसेल का. तुमच्या स्वतःच्या नऊ गाड्यांवर जीपीएस लावून देणे सोपे आहे, पण तुम्हाला फसवले गेले ते दहाव्या, अनोळखी गाडीने.

यंत्राचे खरे बळ आणखी एका ठिकाणी आहे आणि तिथे माणसाचा अनुभव थिटा पडतो. ज्या माणसाने तुमच्याकडून पंचवीस हजार काढले त्याने तेच बँक खाते, तोच मोबाइल किंवा आरसीचा तोच फोटो वापरून त्याच आठवड्यात लातूरच्या, नगरच्या, विजयपूरच्या आणखी काही ऑफिसांना गाठलेले असू शकते. तुमच्या टेबलावरून हे दिसणे अशक्य आहे. अनेक ट्रान्सपोर्टवाल्यांच्या नोंदी एकत्र पाहणाऱ्या मंचाला मात्र एकच खाते पाच वेगवेगळ्या गाडीमालकांच्या नावाने फिरताना दिसते, आणि अशी साखळी हजारो नोंदींतून शोधून काढणे हेच या तंत्राचे मुख्य काम आहे. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' ही एआय प्रणाली तयार केली आहे. दुसऱ्याच्या नावाने उघडलेली आणि चोरीचे पैसे फिरवण्यासाठी वापरलेली खाती व्यवहारांच्या चालीवरून हुडकणे हे तिचे काम. म्हणजे एआयचा काही लाभ तुम्ही काहीही विकत न घेता बँकेमार्फत तुम्हाला मिळतोच आहे. म्हणून कंपनीला दुसरा प्रश्न असा विचारा की तिच्याकडे किती ट्रान्सपोर्टवाल्यांच्या नोंदी एकत्र येतात, आणि त्याच दमात तिसराही विचारा की मग तुमचे दर आणि तुमच्या पार्ट्यांची नावे तुमच्या शेजारच्या ऑफिसला दिसणार नाहीत याची लेखी हमी काय.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. दरपत्रकात एआय म्हणून ज्या सुविधा मांडलेल्या असतात त्यांतल्या पुष्कळशा म्हणजे साधी ताडून पाहणी असते. ती उपयोगाची नसते असे मुळीच नाही, पण तिचे मोल तेवढेच द्यावे. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, तेलंगणाचे ३६, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या धंद्याचा पॅन. हैदराबादची कंपनी म्हणवणाऱ्या पार्टीचा क्रमांक २७ ने सुरू होत असेल तर तिची महाराष्ट्रातही नोंदणी असू शकते, पण विचारणा झाली पाहिजे. आणि आतला पॅन तिने पाठवलेल्या पॅनकार्डाशी जुळत नसेल तर पुढे बोलण्याचेही कारण नाही. यासाठी दोन मिनिटे आणि चष्मा एवढे पुरते.

छोट्या गाडीमालकाकडे बहुतेक वेळा जीएसटी नसतो. पण दहा किंवा त्याहून कमी गाड्या असलेल्या मालकाचा टीडीएस कापायचा नसेल तर तुम्ही त्याच्याकडून पॅनसह जाहीरपत्र घेताच. तो पॅन ज्या नावाचा, आरसी ज्या नावाची आणि पैसे मागितलेले खाते ज्या नावाचे, ती तिन्ही नावे जुळली पाहिजेत. इथे अडचण अशी की आपल्या धंद्यात ती प्रामाणिक माणसाचीही पुष्कळदा जुळत नाहीत: गाडी वडिलांच्या नावाची असते, खाते मेहुण्याचे असते आणि फोन चालक उचलतो. यंत्र अशा प्रत्येक ठिकाणी लाल खूण करील आणि त्यातले बरेचसे लोक सज्जन असतील. म्हणूनच नव्या गाडीपुरता एक नियम आजपासून लावा, यंत्रणा घ्या किंवा न घ्या: माल भरून, काटा होऊन, बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची पावती) हातात पडेपर्यंत डिझेलच्या नावाने एक रुपयाही सुटणार नाही. कांद्याच्या हंगामात यामुळे दोन-चार गाड्या तुम्हाला सोडून दुसरीकडे जातील, ते सोसावे लागेल.

गाडी प्रत्यक्ष दारात आल्यावरचा धोका याहून मोठा असतो, कारण मग पंचवीस हजार नव्हे तर सगळा माल जातो. फाटकावर नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा लावण्याची कल्पना तुमच्या भावाला आवडली असेल. तो कॅमेरा प्लेटवरचा नंबर अचूक वाचील, पण प्लेट खोटी आहे हे त्याला एकट्याला कळणार नाही. खोटी प्लेट बसवायला काही मिनिटे लागतात. चासीवर ठोकलेला क्रमांक बदलणे मात्र कठीण असते आणि बदलला तर बहुधा दिसून येतो. म्हणून गोडाउनवरच्या माणसाला सांगा की अनोळखी गाडी लागली की चासीवरचा चिखल पुसून त्या क्रमांकाचा फोटो काढायचा, तो आरसीतल्या क्रमांकाशी अक्षरागणिक ताडायचा आणि मगच ताडपत्री सोडू द्यायची. त्या वेळी चालकाला समोर उभे करून लायसन्सवरच्या फोटोशी चेहराही पाहून घ्यावा. या दोन फोटोंची तुलना करून देणारी यंत्रणा मिळाली तर ती जरूर घ्या, कारण रात्री अकरा वाजता, पाऊस पडत असताना आणि हमाल घाई करत असताना माणूस सतरा अक्षरे नीट वाचत नाही.

आता यंत्रणा पारखायची कशी, हे सांगतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे. प्रात्यक्षिक दाखवताना विक्रेता स्वतःची उदाहरणे वापरतो आणि त्यात प्रत्येक चोर पकडला जातो. तुम्ही त्याला तुमच्या गेल्या वर्षाच्या बिल्ट्या, भाड्याच्या गाड्यांचे कागद आणि ऍडव्हान्सच्या नोंदी द्या. पार्ट्यांची नावे आणि दर झाकून ठेवा. त्या ढिगात इंदूरच्या नंबराचे ते बुकिंगही असू द्या, पण ते कोणते हे सांगू नका. मग दोन गोष्टी मोजा: त्याच्या यंत्रणेने ते बुकिंग पकडले का, आणि ते पकडताना आणखी किती भल्या बुकिंगांवर बोट ठेवले. दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. समजा, तुमच्याकडे वर्षाला सहा हजार बुकिंगे होतात आणि त्यांतली तीन खोटी असतात. यंत्रणा चांगल्या बुकिंगांपैकी शंभरात फक्त पाचांवर चुकून इशारा देते असे धरले, तरी वर्षात सुमारे तीनशे खोटे इशारे येतील, म्हणजे प्रत्येक खऱ्यामागे शंभर खोटे. पहिले पंधरा दिवस सगळे जण ते इशारे वाचतील. महिन्याभरात मुनीमजी न पाहताच ते पुसू लागतील आणि खरा इशारा त्याच बोटाने पुसला जाईल. जी कंपनी जुन्या नोंदींवर अशी परीक्षा द्यायला तयार नसेल तिच्याशी वाटाघाटी तिथेच थांबवाव्यात.

आपल्या भागाच्या रीतीही त्या यंत्राला शिकवाव्या लागतील. दुसऱ्या प्रदेशातल्या रस्त्यांवर शिकलेल्या यंत्राला आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या वाटेवरची जड वाहने वळवली जातात हे ठाऊक नसते, आणि त्या आठवड्यात ते तुमच्या प्रत्येक गाडीला 'मार्ग सोडला' म्हणून लाल करील. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक वाढली की मार्केट यार्डाच्या आसपास गाड्या तासन् तास खोळंबतात; ऊस गाळपाच्या दिवसांत मोहोळ-माढ्याकडे ट्रॉल्यांमागे रांगत जावे लागते; गड्ड्याच्या यात्रेला शहरातले रस्ते बदलतात. हे सगळे सुट्यांच्या आणि हंगामांच्या यादीसारखे आधी भरून घेता येते का, हे विचारा. उलट, रांजणगावहून निघालेली गाडी एरवी जेवढ्या वेळात पाटसहून सरडेवाडीला पोचते त्याच्या दुप्पट वेळ जर फास्टॅगची नोंदच झाली नाही आणि त्याच वेळी जीपीएसही गप्प झाला, तर ते शांतपणे पाहत बसण्यासारखे नाही. जीपीएसचा संकेत दाबणारी बेकायदा उपकरणे केबिनमधल्या लायटरच्या खोबणीत बसतात. एकट्या जीपीएसवर अवलंबून असलेली यंत्रणा अशा वेळी 'नेटवर्क नाही' एवढेच सांगते. टोल, जीपीएस आणि चालकाच्या संमतीने मिळणारे मोबाइलचे ठिकाण हे तीन वेगवेगळे साक्षीदार जुळवणारी यंत्रणा त्यामुळे अधिक भरवशाची ठरते.

दुसऱ्या प्रकरणाकडे वळतो, कारण त्यात पैसे अजून वादात आहेत आणि एका जुन्या पार्टीशी संबंध बिघडत चालला आहे. तो ईमेल नेमका कुठून गेला हे आधी शोधा. पार्टीकडून तो मूळ ईमेल मागवा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर-अक्षर वाचा. तुमच्या नावात एक अक्षर जास्त असलेला किंवा 'आय'च्या जागी 'एल' असलेला पत्ता निघाला तर कोणीतरी तुमच्यासारखी पाटी लावली होती. पत्ता हुबेहूब तुमचाच असेल तर तुमच्या मेलबॉक्सात कोणीतरी शिरले असण्याची शक्यता मोठी आहे. त्या वेळी केवळ पासवर्ड बदलून भागत नाही. मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन 'फॉरवर्ड' आणि 'फिल्टर' या दोन जागा उघडून पाहा. अशा चोरीत 'पेमेंट' किंवा 'इन्व्हॉइस' हा शब्द असलेला प्रत्येक ईमेल गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा नियम तिथे लिहून ठेवलेला पुष्कळदा सापडतो, आणि पासवर्ड बदलल्यावरही तो नियम चालूच राहतो. असे काही दिसले तर पुसण्याआधी त्याचा फोटो घ्या, पोलिसांना लागेल.

तक्रार अजून केली नसेल तर आता करा. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. पैसे गेल्यापासून पहिल्या काही तासांत फोन केला तर ते पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. तुमच्या बाबतीत ती वेळ निघून गेली असली तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरची नोंद आणि शहर पोलिसांच्या सायबर पोलीस ठाण्यातला लेखी अर्ज यांशिवाय बँक आणि विमा कंपनी दोघेही पुढे बोलत नाहीत. तक्रार तुम्ही आणि पार्टी दोघांनीही करावी, कारण पैसे त्यांच्या खात्यातून गेले आहेत. वडिलांना माझी विनंती आहे की मेलबॉक्स कोणाचा फुटला हे कळेपर्यंत पार्टीला दोष देऊ नये. तो तुमचाच फुटलेला निघाला तर भरपाईच्या बोलण्यात तुमची बाजू लंगडी पडेल.

हा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून लागणारे साधन बँकांकडे आता तयार आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करताना ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचे नाव आधी पाहण्याची सोय ग्राहकाला द्यावी लागते. तुमच्या सगळ्या पार्ट्यांना कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी आणि टपालाने कळवा की आमचे खाते या नावाचे आहे, ते बदलले तर आम्ही ईमेलवर कधीही कळवणार नाही, आणि पैसे भरण्याआधी बँकेच्या पडद्यावर हे नाव दिसलेच पाहिजे.

चोरांच्याही हाती एआय आहे, याचा विचार तुमच्या पत्रात आलेला नाही. पूर्वी खोटा निरोप भाषेवरून ओळखू यायचा; मोडकी हिंदी किंवा भलतीच इंग्रजी दिसली की मुनीमजी सावध व्हायचे. आता अगदी शुद्ध मराठीत, तुमच्या जुन्या पत्रांच्या धाटणीत मजकूर तयार होतो, आरसीचा फोटो हवा तसा बदलून मिळतो आणि काही सेकंदांच्या ध्वनिमुद्रणावरून आवाजाची नक्कलही करता येते. वडिलांच्या आवाजात "मी मीटिंगमध्ये आहे, त्या पंपाला पंधरा हजार टाक" असा फोन आला तर तुम्हाला तो खराच वाटेल. त्यावर उपाय अगदी जुना आहे: फोन ठेवायचा आणि स्वतःच्या डायरीतल्या नंबरावर उलट फोन करायचा, मग समोर वडील असोत की चाळीस वर्षांची पार्टी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तुमच्या काही पार्ट्या घरी तेलुगू बोलत असतील. त्यांच्याशी पैशांच्या निरोपासाठी एखादा घरगुती खुणेचा शब्द ठरवून ठेवायलाही हरकत नाही, फक्त तो व्हॉट्सॲपवर कधी लिहू नका.

तुमच्या संगणकाबद्दल तुम्ही काहीच विचारले नाही, म्हणून मलाच सांगावे लागते. ब्रिटनमधली केएनपी ही १५८ वर्षांची परंपरा असलेली आणि सुमारे ५०० ट्रक बाळगणारी वाहतूक कंपनी जून २०२३ मध्ये रॅन्समवेअरच्या, म्हणजे नोंदींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या, हल्ल्यात सापडली. हल्लेखोर एका कर्मचाऱ्याचा सोपा पासवर्ड ओळखून आत शिरले असे मानले जाते. त्यांनी कंपनीच्या सगळ्या नोंदींना कुलूप घातले आणि त्याच वर्षी कंपनी बंद पडून सुमारे ७०० लोकांची कामे गेली. तिचा सायबर विमाही होता. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर जून २०१७ मध्ये नोटपेट्या या व्हायरसने मर्स्क समूहाला जखडले तेव्हा न्हावा शेव्याच्या त्यांच्या टर्मिनलवरचे कामही ठप्प झाले होते. तुमचे टॉवेल जातात तेच हे बंदर.

तुमच्या ऑफिसात अशा हल्ल्याची वाट कोणती असेल, याचा मी पत्रावरून अंदाज करतो. ई-वे बिलाच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांना ओटीपीची दुसरी पायरी लागू झाली आहे. बहुतेक ऑफिसांत तो ओटीपी एकाच मोबाइलवर येतो आणि खोलीभर ओरडून सांगितला जातो. पोर्टलवर प्रत्येक माणसासाठी वेगळा उपवापरकर्ता, त्याच्या स्वतःच्या मोबाइलसह, काढता येतो. तो काढा, म्हणजे कोणी कोणते बिल काढले हे तरी कळेल. हिशेबाच्या संगणकाची प्रत दर शनिवारी वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती डिस्क वायर काढून कपाटात ठेवा, कारण जोडलेल्या डिस्कलाही तेच कुलूप लागते. ती प्रत उघडते का, हे महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर पाहा. चालकांच्या फोनवर ई-चलानच्या नावाने येणारी एपीके फाइल (उघडताच फोनमध्ये ॲप बसवणारी) हा दुसरा मोठा दरवाजा आहे. दंड खरा की खोटा हे सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडून पाहायचे आणि व्हॉट्सॲपवरून आलेले कोणतेही ॲप बसवायचे नाही, एवढे प्रत्येकाला समजावून सांगा. इथे एआय थोडी मदत करते: येणारे ईमेल आणि फाइली चाळणाऱ्या सुविधा आता मेलसेवांमध्येच असतात आणि त्या बहुधा फक्त चालू करायच्या बाकी असतात.

भाऊ मोबाइलवरच्या फुकट चॅटबॉटचा उपाय सुचवील. संशयित ईमेल त्यात टाकून "यात काय खटकते?" असे विचारणे ठीक आहे, नावे आणि खाते क्रमांक काढून टाकले असतील तर. गाडीचा नंबर टाकून "ही गाडी खरी आहे का?" असे मात्र विचारू नये, सरकारी नोंद न पाहताही चॅटबॉट तितक्याच ठामपणे उत्तर देऊ शकतो.

वडिलांबद्दल. त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचा उपयोग करून घ्या. एका निवांत दुपारी त्यांच्यासमोर जुन्या बिल्ट्या ठेवून विचारा की कोणती गाडी त्यांनी परत पाठवली असती आणि का. भाडे बाजारापेक्षा फार कमी मागितले, मालाचे नाव न विचारताच गाडी कबूल केली, परतीच्या भाड्याची घाई नाही, चालकाला मालकाचे गाव सांगता येत नाही, अशा खुणा ते सहज बोलून जातील आणि त्या आजवर कुठेच लिहिलेल्या नसतील. त्या लिहून काढा. पुण्याच्या कंपनीला त्यांतल्या किती खुणा यंत्रणेत घालता येतात ते विचारा, आणि ज्या घालता येत नाहीत त्यांच्यासाठी बुकिंगच्या फॉर्मवर एक रकाना करा. पंधरा हजारांवरचा कोणताही ऍडव्हान्स तुमच्या आणि त्यांच्या अशा दोघांच्या होकाराशिवाय सुटणार नाही असे ठरवले, तर यंत्राने उठवलेली शंका वडिलांपर्यंत पोचेल आणि वडिलांची शंका यंत्राच्या नोंदीत राहील.

राहिला चालकांचा कॅमेरा. केबिनमधला कॅमेरा मुख्यतः डुलकी, मोबाइल आणि सीटबेल्ट पाहण्यासाठी असतो. अपघात टाळायला त्याचा उपयोग आहे, पण तुम्हाला बसलेल्या दोन्ही फटक्यांशी त्याचा काडीचाही संबंध नाही. फसवणुकीच्या धाकाखाली तो पदरात पडू देऊ नका. पुढे कधी सुरक्षिततेसाठी लावायचा झाला तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ लक्षात घेऊन, काय टिपले जाते, कोण पाहते आणि किती दिवस ठेवले जाते हे मराठीत, गरज असेल तर कन्नड व हिंदीतही, लिहून द्या आणि चालकांची संमती घ्या. चालक हा तुमचा रस्त्यावरचा पहिला साक्षीदार आहे. ढाब्यावर कोणी मालाची चौकशी केली किंवा अर्ध्या वाटेत "पत्ता बदलला" म्हणून फोन आला तर ते त्यालाच आधी कळते, आणि ज्याच्यावर चोर म्हणून नजर ठेवली आहे तो हे सांगायला फोन करीत नाही. तेव्हा कंपनीकडून केबिनचा कॅमेरा वगळून, भाड्याच्या गाड्यांची तपासणी धरून आणि वर्षाऐवजी तीन महिन्यांच्या मुदतीचे नवे दरपत्रक मागवा, आणि जुन्या बिल्ट्यांच्या परीक्षेचा निकाल हाती आल्यावरच भावाला पुण्याला पाठवा.